गाणं लागलं की टीव्ही बंद

लग्न लांबायची कारणं साधारण ठरलेली असतात. घर नाही, नोकरी पक्की नाही, थोरल्याचं अजून व्हायचंय, आईची तब्येत. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या, चौथ्या मजल्यावरच्या चष्मेवालीचं लग्न मात्र एका जपानी शाळकरी मुलामुळे अडलं होतं. तो मुलगा कागदावर काढलेला होता आणि गेली सहा वर्षं एका पुलावर तोंड उघडून उभा होता.

अ‍ॅनिमेचं नाव 'उसनी छत्री'. गोष्ट म्हटली तर एवढीशी. एक मुलगी एका मुलाला छत्री देते. मुलाला ती परत करायची असते, आणि करता करता 'तू मला आवडतेस' एवढंच सांगायचं असतं. पण दर भागात काहीतरी आडवं येतं. कधी मुख्याध्यापक, कधी कुत्रा, कधी वारा, आणि एका भागात तर त्याचं स्वतःचंच अपेंडिक्स. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात मात्र पुलावर दोघंच असतात, कुत्रा नाही, मुख्याध्यापक नाही. मुलगा छत्री पुढे करतो, तोंड उघडतो आणि शेवटचं गाणं सुरू होतं.

आणि त्या घरात गाणं सुरू झालं की टीव्ही बंद व्हायचा.

हा नियम चष्मेवालीच्या वडिलांचा. ते कोर्टातले निवृत्त कारकून. निवृत्त झाले तरी सगळी इमारत त्यांना कारकूनसाहेबच म्हणे, आणि ते स्वतःला त्याहून थोडं वरचं काहीतरी समजत. त्यांचा हिशेब सरळ होता. न्यायाधीश उठले की कारकुनाने फाइलीला दोरी बांधायची आणि निघायचं. रिकाम्या खुर्चीकडे बघत कोणी बसत नाही. शेवटचं गाणं म्हणजे न्यायाधीश उठले. मग नुसती नावं येतात, कोणी रंग भरला, कोणी चहा आणला. ती वाचायला वीज कोण जाळणार? रिमोट त्यांच्या उजव्या मांडीवर असे आणि गाण्याचा पहिला सूर दुसऱ्या सुरापर्यंत कधी पोचत नसे.

घरात ही मालिका आली ती आत्यामुळे. आत्या म्हणजे कारकूनसाहेबांची थोरली बहीण. जन्म सूतगिरणीत गेला आणि कान तिथेच राहिले. गिरणीत यंत्रांच्या खडखडाटात बायका एकमेकींशी नुसते ओठ हलवून बोलत, त्यामुळे आत्याला ओठ वाचता येत. समोरच्या गॅलरीतली भांडणं ती घरात बसून वाचायची. मात्र गिरणीतला एक कायदा तिने शेवटपर्यंत पाळला. काय वाचलं त्यातला मतलब सांगायचा, शब्द सांगायचे नाहीत. शब्द ज्याचे त्याचे. टीव्हीवरच्या बाकीच्या मालिका तिला सोसत नसत, कारण नट पाठ फिरवून रडतात. या जपानी मालिकेत खाली अक्षरं यायची, म्हणून ही चाले. पात्रांच्या ओठांबद्दल मात्र तिचं मत वाईट होतं. ती म्हणे, माशासारखं नुसतं उघडतात नि मिटतात, यात वाचायचं काय.

लिफ्टवाला घरात आला तो लिफ्टमुळे. इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती आणि आत चष्मेवाली होती. तो दुरुस्तीला आला आणि त्याने तिला बाहेर काढलं. तिने चहा विचारला. तो हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात लिफ्ट चांगली चालत असतानाही तो ती तपासायला आला, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या काकूंनी, म्हणजे चष्मेवालीच्या आईने, मशीनवरून मान वर न करता म्हटलं की या लिफ्टला बरंच मोठं दुखणं दिसतंय.

पहिला सीझन संपला त्या शनिवारी लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नखांमधलं ग्रीस काढलं होतं. काकूंनी नखं बघितली आणि मनात सगळं समजून घेतलं. मुलाने पुलावर तोंड उघडलं, गाणं लागलं, टीव्ही बंद झाला. घरात एकदम शांतता, आणि चार माणसांचे आठ डोळे लिफ्टवाल्यावर. त्यानेही तोंड उघडलं. अगदी त्या मुलासारखं. आणि म्हणाला,

"त्याने म्हटलं की मीही म्हणतो."

सगळे हसले. चष्मेवालीसुद्धा हसली, म्हणाली, बघ हं, शब्द दिलायस. दुसरा सीझन वर्षभरात येणारच होता. गंभीरपणे दिलेला शब्द माणूस मोडू तरी शकतो. हसत हसत दिलेला मोडायला गेलं तर लोक म्हणतात, एवढं काय मनावर घेतोस? म्हणून तो मोडला नाही, आणि दुसरा सीझन आला नाही.

कंपनी विकली गेली, चित्रं काढणारे पांगले, मूळ लेखिकेचा खांदा दुखावला. बातम्या कोणी वाचायच्या नाहीत, असाही घरात दंडक होता. निकाल लागायच्या आधी तो बाहेर ऐकत फिरणं कारकूनसाहेबांना बेकायदा वाटे. घर आपलं वाट बघत राहिलं आणि लिफ्टवाला घरात मुरत गेला. त्याची खुर्ची ठरली, कप ठरला. नळ गळला तर तो, आत्याचे कान तपासायचे तर तो, कारकूनसाहेबांशी बुद्धिबळात हरायचं तर तो. जावयाचे सगळे मान त्याला मिळाले, जावयाची सगळी कामंही मिळाली, फक्त जावई व्हायचं तेवढं राहिलं. काकूंनी त्याच्यासाठी लग्नाचा कोट पहिल्या वर्षीच शिवून ठेवला होता. दर वर्षी त्या तो कपाटातून काढत, त्याच्या पोटाकडे एकदा बघत आणि कमरेची शिवण उसवून जरा सैल करत. आत मायेला, म्हणजे पुढे सोडायला, कापड भरपूर ठेवलं होतं. काकू दूरदर्शी होत्या, पण लिफ्टवाला आणि त्यांच्या हातचा खाऊ यांच्यापुढे दूरदृष्टीलाही मर्यादा असते.

अखेर दुसरा सीझन लागला. शनिवारी दुपारी चार. काकूंनी कोटाला इस्त्री केली, आत्याने चष्मा पुसला, कारकूनसाहेबांनी घसा साफ केला. पडद्यावर तो मुलगा आणि ती मुलगी दिसली. आता कॉलेजात होते. एका दुकानात उभे होते आणि खिडकीसाठी पडदे बघत होते.

पूर्ण भागभर पडदेच. निळे की तपकिरी? जाड की पातळ? शेवटी त्यांनी ठरवलं की घरी जाऊन विचार करू, आणि दोघं घरी गेले. एकाच घरी! गाणं लागलं, टीव्ही बंद झाला, आणि कारकूनसाहेबांनी रिमोट मांडीवर आपटला.

"कब्जा आधी, करार नंतर," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असा इसम पाहिला नाही."

आत्याचं म्हणणं, मुलगा बनेल आहे. काकूंचं म्हणणं, मुलीच्या आईबापांनी कुठे तोंड लपवायचं? अजून एक शब्द बोललेला नाही आणि पडदे घेतोय. कोणाच्या मनात असं आलं नाही की बोलला असेल. कारण तो बोलला असता तर तसं दिसलं असतं, आणि दिसलं नव्हतं. जे रेकॉर्डवर नाही ते घडलेलं नाही, हे त्या घरात सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

एकटा लिफ्टवाला त्या मुलाच्या बाजूने होता. म्हणाला, योग्य वेळ बघत असेल. पडदे घेताना कोणी असलं बोलतं का?

सीझन पुढे सरकला, म्हणजे सरकला नाही. दुसऱ्या भागात फ्रिज रात्री आवाज करतो, म्हणून दोघं तो भिंतीपासून थोडा पुढे ओढतात. तिसऱ्यात प्लंबरची वाट बघतात आणि प्लंबर येत नाही. चौथ्यात पहिल्या तीन भागांची उजळणी. चित्रंही उतरली होती. लांबून दाखवलं की मुलाला नाक नसे, आणि एका प्रसंगात मुलीच्या डाव्या हाताला एक बोट जास्त होतं, ते पुढच्या प्रसंगात परत गेलं. चष्मेवालीला सगळ्यात खटकला तो केसांचा रंग. दिवसभर काचांच्या छटा बघणारी ती बाई. म्हणाली, ही ती मुलगीच नाही, हिचे केस दोन छटा फिके आहेत. आईने तिला सांगितलं की वाट बघून बघून कोणाचेही होतील.

आठव्या भागाच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तिला आत बोलावलं. ते दुसऱ्या गावी शाखा काढत होते आणि ती तिनेच सांभाळावी असं त्यांच्या मनात होतं. राहायला दुकानाच्या वर दोन खोल्या. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं. महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे मालिकेचा शेवटचा भाग. तिने घरी जेवताना हे सांगितलं. सगळ्यांनी लिफ्टवाल्याकडे बघितलं. लिफ्टवाल्याने टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

तिला काय पाहिजे होतं ते तिलाही माहीत होतं आणि इतरांनाही. त्याने विचारलं तर दोघांनी मिळून जायचं की राहायचं ते ठरवायचं. नाही विचारलं तर तिने एकटीने जायचं. दोन मजल्यांच्या मधे माणूस किती वर्षं उभा राहणार?

मग दुकानात एक शिक्षिका आल्या. फ्रेम नाकावर बसत नव्हती. चष्मेवाली पट्टी घेऊन त्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होती, तेवढ्यात तिला बाईंच्या किल्ल्यांना अडकवलेली छोटीशी लाल छत्री दिसली. तिने विचारलं, तुम्हीही बघता? बाई खुलल्या. म्हणाल्या, बघते आणि पस्तावते. दुसरा सीझन म्हणजे वाफ गेलेला चहा. पण होणारच ना तसं? पहिल्याच सीझनला त्याने सांगून टाकलं, हिने हो म्हटलं, मग पुढे उरलं काय? पडदे!

चष्मेवालीची पट्टी बाईंच्या नाकावर तशीच राहिली.

"कधी सांगितलं?"

"शेवटी, पुलावर. गाण्यानंतर," बाई म्हणाल्या. "सगळे रडले होते तेव्हा. तुम्ही नाही बघितलं?"

तिने बाईंना तीच फ्रेम बसवून दिली आणि मागच्या काच घासायच्या खोलीत गेली. फोनवर पहिल्या सीझनचा शेवटचा भाग काढला. पुलावर मुलाने तोंड उघडलं, गाणं लागलं, नावं आली, रंग कोणी भरला, चहा कोणी आणला, मग क्षणभर काळोख, आणि पुन्हा पूल. मुलगा बोलला. सरळ, न अडखळता, नाकासकट. मुलगी हो म्हणाली. छत्री उघडली. सगळ्या मालिकेत इतकं सुंदर चित्र दुसरं नव्हतं. ती आधी हसली. मग काच घासायच्या यंत्राशेजारी बसून राहिली. जगातल्या तमाम लोकांना जे सहा वर्षांपूर्वी कळलं होतं ते आपल्या घराला कळलं नाही, का, तर बाबांनी वीज वाचवली.

घरी जाऊन सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी कोट बाहेर आला असता. बाबांनी निकाल वाचून दाखवला असता. आणि लिफ्टवाल्याने, बिचाऱ्याने, शब्दाला जागून म्हटलंही असतं, दंड भरायला उभा राहिल्यासारखं. तसलं 'हो' तिला नको होतं. तो मुलगा अजून गप्प आहे असं समजूनही हा बोलतो का, ते तिला बघायचं होतं. तिने कोणाला काही सांगितलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी ती मालिका बघेनाशी झाली. घरातले सगळे टीव्हीकडे बघत आणि ती लिफ्टवाल्याकडे. बघण्यासारखं दोन्हीकडे सारखंच कमी होतं.

तिने संधी दिल्या नाहीत असं नाही. आईच्या शिवणकामाच्या खोलीत गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा एक कोपरा होता, त्याला नवा पडदा हवा होता. ती त्यालाच घेऊन गेली. दोघांनी निळा की तपकिरी यावर इतका वेळ घालवला की तिला मधेच वाटलं, आपल्यालाही लांबून नाक दिसत नसणार. लिफ्टवाल्याने माप मात्र चोख घेतलं. पडदा जमिनीपासून किती वर असावा याबद्दल त्याची ठाम मतं होती. पैसे देताना दुकानदाराने कौतुकाने विचारलं, नवं घर वाटतं?

लिफ्टवाला म्हणाला, "नाही, ट्रायल रूम."

परतीच्या वाटेवर ती भराभर पुढे चालली होती. त्याने दोनदा विचारलं, तपकिरीच घ्यायला हवा होता का?

अकराव्या भागात तो मुलगा आणि ती मुलगी लिफ्टमधे अडकली. घरात आशा पालवली. आता तरी बोलेल, दुसरं करणार काय? पण मालिकेतली लिफ्ट एक दोर तुटला म्हणून हिंदकळत खाली घसरायला लागली, आणि लिफ्टवाला खुर्चीतून उठला. म्हणाला, हे साफ खोटं आहे. लिफ्टला एक दोर नसतो, अनेक असतात. सगळे तुटले तरी ती पडत नाही, बाजूचे रूळ पकडून जागच्या जागी उभी राहते. माणसं उगाच घाबरतात. तो टीव्हीसमोर उभा राहून दोन्ही हातांनी रूळ कसे पकडले जातात ते दाखवू लागला. डोळे चमकत होते, आवाज चढला होता. सहा वर्षांत तो सलग इतकं कधी बोलला नव्हता. तो बाजूला होईपर्यंत मालिकेतली लिफ्ट सुखरूप उघडली होती आणि ती दोघं दूध आणायला निघाली होती.

कारकूनसाहेबांनी टीव्ही बंद केला. ते चिडले की लिफ्टवाल्याला 'तुम्ही' म्हणत. म्हणाले, "तुम्हाला बोलता येतं तर."

शेवटचा शनिवार उजाडला. चष्मेवालीने मालकांना सोमवारी कळवते म्हणून सांगितलं होतं. लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. काकूंनी नखं बघितली. स्वच्छ होती. त्यांनी लगेच कोट काढला आणि त्याला घालायला लावला, तर बटण आणि काज यांची भेट होईना. काकूंनी कोट अंगावरून उतरवला, खिडकीशी मशीनवर बसल्या आणि मायेचं उरलंसुरलं कापड सोडायला घेतलं. आत्या दाराजवळच्या तिच्या खुर्चीत. चष्मेवाली आत्याकडे पाठ करून, लिफ्टवाल्याच्या समोर.

भाग सुरू झाला. पडदे आले. तपकिरी. मुलाने ते लावले, आणि पडदे वीतभर आखूड निघाले. दोघं त्या उघड्या राहिलेल्या पट्टीकडे बघत बसले. बघतच बसले. खालची अक्षरंसुद्धा येईनात. कारकूनसाहेब हळू आवाजात म्हणाले की याच्यापेक्षा दिवाणी दावे लवकर निकालात निघायचे. आत्या म्हणाली की नेमका आज हा मासा तोंडही उघडत नाहीये.

गाणं लागलं. कारकूनसाहेबांनी रिमोट उचलला.

"काका, राहू द्या," लिफ्टवाला म्हणाला. "गाणं होऊ द्या."

कारकूनसाहेबांचा अंगठा हवेत थांबला. असा अर्ज त्यांच्यापुढे आजवर आला नव्हता. लिफ्टवाल्याच्या मनात काही मोठं होतं असं नाही. टीव्ही बंद झाला की सगळे आपल्याकडे बघणार हे त्याला माहीत होतं. त्याला गाणं संपेपर्यंतची मुदत हवी होती, एवढंच. चष्मेवालीने मात्र श्वास रोखला. तिला एकटीलाच माहीत होतं की गाण्याच्या पलीकडेही काही असू शकतं, आणि या घरात आजवर तिथे कोणी गेलेलं नाही.

अर्ज मंजूर झाला. गाणं चालू राहिलं. काकू मशीन थांबवून म्हणाल्या, गाणं बरं आहे की. आत्या नावं वाचत होती. मग काळोख झाला, कारकूनसाहेब पुन्हा रिमोटकडे वळले, आणि पडद्यावर ती दोघं परत आली. आखूड पडद्याखाली जमिनीवर बसलेली. मुलीने विचारलं, तू पुलावर काय म्हणाला होतास रे त्या दिवशी? मुलगा म्हणाला, तेव्हा तर रडली होतीस, आणि आता विसरलीस? ती म्हणाली, विसरले, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटलं. खाली अक्षरं आली, पांढरी, स्वच्छ, आणि बराच वेळ राहिली. एवढ्यापुरतं त्याला नाकही काढलं होतं.

पहिला आवाज कारकूनसाहेबांचा.

"म्हणजे निकाल पहिल्याच खेपेला लागला होता."

मग जे सुरू झालं त्याला घरगुती भाषेत चर्चा म्हणतात. काकूंनी नवऱ्याला विचारलं की तुमची वाचवलेली वीज आहे कुठे, दाखवा तरी. कारकूनसाहेब म्हणाले की निकाल दिल्यावर न्यायाधीश परत येऊन खुर्चीत बसले, तर तो दोष कारकुनाचा नाही. आत्याचं म्हणणं पडलं की आपण त्या मुलाला इतके आठवडे उगाच बनेल म्हटलं, आता त्याला कळवायचं कसं? लिफ्टवाला वेगळ्याच दुःखात होता. घरात सगळ्यांविरुद्ध एकट्याने त्या मुलाची बाजू लावून धरली होती. योग्य वेळ बघतोय म्हणून शपथेवर सांगितलं होतं. आणि तो केव्हाच बोलून, हो घेऊन, पडदे बघत फिरत होता.

"म्हणजे मी एकटाच राहिलो होतो," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," चष्मेवाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने शिक्षिका सांगितल्या, लाल छत्री सांगितली, मागची खोली सांगितली. तो म्हणाला, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तेच मी तुला विचारायचं. मग तिने आवाज न चढवता सांगितलं की सोमवारी ती मालकांना हो कळवणार आहे. शाखा ती घेणार. ट्रायल रूमचा पडदा छान बसलाय, माप अगदी बरोबर आलंय, तेवढं तिच्या लक्षात राहील.

काकूंना काय करावं सुचेना. सुचेनासं झालं की त्या शिवत. त्यांनी पाय मारला आणि ते जुनं मशीन घरभर खडखडू लागलं. तेव्हाच लिफ्टवाला खुर्चीतून पुढे झुकला आणि बोलू लागला. कारकूनसाहेबांनी कानाला हात लावला. काही नाही. काकूंना तर स्वतःचाच आवाज येत नव्हता. लिफ्टवाल्याचे ओठ हलले, थांबले. चष्मेवालीची मान जराशी हलली. त्याचे ओठ पुन्हा हलले, या वेळी सावकाश, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले, परवा लिफ्टचे रूळ दाखवताना केले होते तसे, काहीतरी घट्ट पकडल्यासारखे. मग तो मागे टेकला आणि त्याचे कान लाल झाले.

कारकूनसाहेबांनी हात हलवून मशीन बंद करायला लावलं. तोवर सगळं उरकलं होतं. काय म्हणाला? त्यांनी लिफ्टवाल्याला विचारायचं सोडून साक्षीदाराकडे मान वळवली.

आत्या खुर्चीत ताठ बसली होती. इतक्या वर्षांनी कोणी तिच्यासाठी नीट, वाचण्यासारखं बोललं होतं.

"आधी विचारलं, त्या गावी लिफ्ट आहेत का म्हणून," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग बोलला."

"काय बोलला?"

"ते तिला विचार. शब्द ज्याचे त्याचे."

कारकूनसाहेबांनी कळवळून विचारलं की बरं, मग हिने उत्तर काय दिलं तेवढं तरी सांग. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली की तिची पाठ होती माझ्याकडे. मी काय पाठ वाचू?

तीन माणसं चष्मेवालीच्या पाठीकडे बघत राहिली. चष्मेवाली उठली, मशीनपाशी गेली आणि आईच्या हातातला कोट घेऊन त्याची कमर उजेडात धरून बघितली. काचेतला दोष बघते तशी.

"अजून थोडा सोड," ती आईला म्हणाली. "त्या गावात लिफ्ट एकच आहे आणि ती बंद असते म्हणे. पण हा ती महिन्याभरात चालू करेल, आणि मग जिने चढणार नाही."

काकूंनी कोट परत घेतला. मायेत कापड उरलंय का ते बोटांनी चाचपलं. होतं थोडं. टीव्हीवर पुढचा कार्यक्रम लागला होता, समुद्रातल्या माशांबद्दल काहीतरी. मासे तोंड उघडत होते, मिटत होते. रिमोट कारकूनसाहेबांच्या मांडीवर होता आणि त्यांनी टीव्ही बंद केला नाही.